पलीकडचं नेट

दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघं नवरा-बायको कॉम्प्युटरपुढं बसायचो. त्या दिवशीही बसलो. तिनं पदराला हात पुसले, माऊस धरला आणि म्हणाली, "बघा, आलंय का."

मी चष्मा लावला. आलं होतं. रोज यायचं, त्या दिवशी कशाला चुकेल.

सेटिंगमधी गेलं की कॉम्प्युटरच्या ओळखीच्या नेटांची नावं एकाखाली एक दिसायची. दोनच असायची. एक आमच्या मोबाईलचं आणि एक भिंतीपलीकडचं, माझ्या धाकट्या भावाच्या घरचं. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. मी माधवनगरच्या गिरणीत होतो, सुताच्या गठ्ठ्यांवरची छापील अक्षरं बघून बघून मला थोडी लागायची. म्हणून बोट ठेवायचं काम माझं आणि काढून टाकायचं काम तिचं.

"ह्येच?"

"ह्येच."

"नीट बघा. मागल्या खेपेला तुमी आपल्या मोबाईलचंच काढाय लावलं."

"ह्येच हाय गं. लांबडं."

तिनं दाबलं. नाव गेलं. ती जराशी तशीच बसून राहिली, लगेच परत उगवतंय का बघायला. मग "गेलं" म्हणाली आणि उठली.

"गवार निवडायची हाय. जरा पाठ टेकते, मग बसू."

स्वयंपाकघरातच भिंतीला पाठ लावून ती बसली, पाय लांब केले. मी मोरीत चूळ भरून आलो तवर ती गेलेली होती. गाडी बोलवावी, कुणाच्या तरी दारात जाऊन हात जोडावेत, एवढा वेळच तिनं ठेवला नाही. तिच्या स्वभावाला धरूनच झालं ते.

लोक तिला येडी म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण म्हणायचे. मीही म्हणायचो, तोंडावर.

ती कोरेगावकडची. लग्न करून सांगलीकडं आली, पण इथली झाली नाही. आमटीला गूळ घातला की म्हणायची, "तुमा सांगलीवाल्यांना सगळं गोड करून गिळायची सवय." वाघ्या घेवडा माहेरनंच आला पाहिजे. आणि भांडली तर गप बसून भांडायची. आवाज चढवणारा माणूस दमतो, तो संध्याकाळी बोलायला लागतो. ही दमायचीच नाही.

घर आमच्या बापाचं. मधी भिंत घालून आम्ही दोघा भावांनी दोन दारं केलेली. अंगण एकच, त्यात गुडघ्याएवढी विटांची ओळ. त्या ओळीपलीकडचं काही म्हणजे काही तिला चालायचं नाही. दिवाळीला जावेकडनं फराळाचं ताट यायचं. ही त्यावरचा रुमालसुद्धा उचलायची नाही, तसंच्या तसं परत. त्यांच्या गणपतीचा प्रसाद मात्र परत करायची नाही. देवाचं नाव आहे म्हणून दोन्ही हातांत घ्यायची, कपाळाला लावायची आणि मागल्या दारी जाऊन मुंग्यांना घालायची. त्यांचा शेवगा आमच्या बाजूला वाकलेला होता. शेंगा आमच्या अंगणात पडायच्या, त्या ही पलीकडं टाकून द्यायची. त्यांच्याकडं कायतरी तळायला लागले की उठून खिडकी लावायची.

"आगं, वास हाय नुसता."

"तोबी त्यांचाच हाय न्हवं."

"उकडतंय मला."

"मग तुमी जावा बाहीर."

कुणी समजावायला आलं की एकच म्हणायची, "घेतलं की मिटलं." म्हणजे काय, ते ती फोडून सांगायची नाही. मला माहीत होतं. पलीकडची एक शेंग जरी आमच्या आमटीत पडली, तरी मागचं सगळं फिटलं असं होणार. आणि तिला ते फिटू द्यायचं नव्हतं.

मागचं काय, ते सांगतो. आम्हाला पहिला मुलगा होता. नुकता शाळेत जायला लागलेला. एका दुपारी तापानं फणफणला आणि आकडी आली. ही त्याला खांद्यावर टाकून अंगणात आली. भावाची स्कूटर तिथंच उभी होती. भाऊ दारात आला आणि म्हणाला, "वयनी, बंद हाय वो ती. कालपासनं." आम्ही पळत रस्त्याला लागलो. कुणी थांबेना. शेवटी एक ट्रकवाला थांबला. सांगलीत दवाखान्याच्या पायरीवर हिनं पोराला खांद्यावरनं खाली घेतलं, तेव्हाच आम्हाला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना आणायला भाऊ स्टँडवर निघाला. ही ओसरीवर बसली होती. स्कूटर एका किकला चालू झाली.

ती खरंच बंद होती आणि सांजच्याला दुरुस्त झाली, का बंद नव्हतीच, ते मला आजतागायत ठाऊक नाही. मी विचारलं नाही. विचारायचं तर बोलावं लागतं, आणि त्या दिवसापासनं मी त्याच्याशी बोललो नाही. हिनं मला बोलू नका म्हणून कधी सांगितलं नाही. मी आपला तिच्या बाजूला उभा राहिलो तो राहिलोच. गिरणी बंद पडली, पुढं तासगावला बेदाण्याच्या गोदामावर राखणीला जायला लागलो. रोज येता-जाता भाऊ अंगणात दिसायचा. तो म्हातारा झाला, मी म्हातारा झालो. बघायचो एकमेकांकडं, बास.

मुलगी लय उशिरा झाली. आणि इथं हिचा खरा येडेपणा बघा. मुलीला तिनं ह्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. भाऊ होता, तापानं गेला, एवढंच. काकांशी का बोलत न्हाईस म्हणून पोरगी विचारायची, तर म्हणायची, "भिंतीवरनं. वाटणीत त्यांनी ईतभर जास्त घेतलं."

भिंत सरळ आहे. मी स्वतः दोरी धरलेली.

पोरगी मग उड्या मारत पलीकडं जायची. काकूच्या हातचं खायची, काकाच्या त्याच स्कूटरवर पुढं उभी राहून बाजारात जायची. त्याला मुलगी नव्हती, त्यानं तिला लेकीसारखं केलं, खोटं कशाला बोलू. ही दारात उभी राहून बघायची. पोरगी परत आली की विचारायची, "खाल्लंस? बरं केलंस." आणि तिचे हातपाय धुवायची.

मी एकदा म्हणालो, "तुला चालतंय व्हय हे?"

"मला न्हाई चालत. तिला काका हाय, तो मी का काढून घिऊ?"

"मग खरं सांग की तिला. ईतभर भिंतीसाठी आई आयुष्यभर फुगून बसली म्हणतीया ती."

"म्हणू दे. माज्यावरच हसतीया न्हवं, हसू दे."

मुलगी शिकली, शाळेत मास्तरीण झाली, साताऱ्याला दिली. जावई फौजेत. तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर इथंच ठेवला. हिनं तो उचलून स्वयंपाकघरात नेला. मोबाईलवर लेकीचं तोंड काडेपेटीएवढं दिसतं, ह्यावर बघ कसं ताटाएवढं दिसतंय, असं म्हणायची. सांजच्याला पोरीची शाळा सुटली की फोन लागायचा आणि ही भाकरी थापता थापता तिच्याशी बोलायची. ओट्याशेजारी लेकच बसली आहे असं. "आगं आई, पीठ उडतंय कॅमेऱ्यावर," असं पोरगी ओरडायची. तेवढ्यासाठी ही सकाळपासनं जगायची.

मोबाईलचं नेट आमच्याकडं रडत यायचं. एका सुट्टीत पोरगी आली, तिनं बघितलं, पलीकडं जाऊन चुलतभावाकडनं पासवर्ड आणला आणि कॉम्प्युटरला त्यांचं नेट जोडून दिलं. आम्हाला सांगितलं, "आता अडकणार न्हाई." कशामुळं अडकणार नाही, ते आम्ही विचारलं नाही.

हिच्या ध्यानात आलं ते असं. एक दिवस मोबाईलचा रिचार्ज संपला होता आणि पोरगी तरी कॉम्प्युटरवर दिसत होती, पहिल्यापेक्षा चांगली. बोलणं झालं, पोरगी गेली. ही तशीच बसून.

"आवं, मोबाईल बंद हाय."

"मग?"

"मग ही दिसली कशी?"

तेवढ्यात पुतण्या अंगणातनं म्हणाला, "काकू, नेट चालतंय का नीट? ताईनं आमचं जोडून दिलंय."

ही उठली आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतनं उपटली. त्या दिवशी जेवली नाही. "किती दिवस मी तिचं तोंड त्यांच्यातनं बघितलं," एवढंच एकदा म्हणाली. मी म्हणालो, "आगं, नेट म्हंजे काय फराळाचं ताट हाय व्हय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी बाहेर जाऊन बसलो.

मग काढायला शिकलो आम्ही. तिच्या ओळखीच्या एका बाईच्या सुनेनं दाखवलं. सेटिंगमधी जायचं, नाव शोधायचं, काढायचं. काढलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर हजर, आणि नुसतं हजर नाही, कॉम्प्युटर आपला आपण त्यालाच जाऊन चिकटलेला. पुन्हा काढलं, पुन्हा आलं.

"गोचीड हाय का काय ही," ती म्हणाली.

कुणीतरी सांगितलं, पत्रा आड असला की नेट येत नाही. झालं. तिनं तेलाचे डबे कापून आणवले, हातोडीनं ठोकून सपाट केले आणि मधल्या भिंतीला खिळ्यांनी मारले. वर रिकामी जागा राहिली तिथं स्टीलची ताटं टांगली. कॉम्प्युटरची पाठ भिंतीकडं होती, ती फिरवून त्याचं तोंड भिंतीकडं केलं, मग पडदा दिसेना म्हणून परत फिरवला. गल्लीतली माणसं काहीबाही निमित्त काढून स्वयंपाकघरात डोकावून जायची. एकजण मला म्हणाला, "काय गड्या, रणगाडा बांधतीया का मंडळी?" मी त्याला शिवी दिली. पण हसूही आलं मला, ते गिळलं.

पत्र्यांनी काही झालं नाही. नेट थोडं बारीक झालं, पण नाव येतच राहिलं.

शेवटी सांगलीतनं दुरुस्तीवाला आणला. भला माणूस. बागवानांच्यातला, पेन्शनीला आलेला, घरी येऊन कामं करायचा. त्यानं बराच वेळ बघितलं. पत्र्यांकडं एकदा बघितलं, पण त्याबद्दल काही विचारलं नाही.

"भाभी, ह्या कॉम्प्युटरात तुमच्या लेकीचं खातं हाय. तिच्या साताऱ्याच्या लॅपटॉपातबी तेच खातं. हे नेट तिनं तिथंबी ठेवलंय, इकडं आली की लागतंय तिला. तुमी इथनं काढता, पण तिकडं हायच. म्हणून ते रोज तिकडनं इकडं येतंय."

"म्हंजे पोरगीच धाडतीया?"

"तिला काय ठाऊक. आपोआप होतंय ते. आता दोन वाटा हायत. तिला फोन करा, तिकडनं काढ म्हणावं. एका मिनिटाचं काम. न्हाईतर मी तिचं खातंच इथनं पुसून टाकतो. मग काही येणार न्हाई."

"खातं पुसल्यावर काय जातंय?"

"तिचं सगळं जातंय. फोटो, फोनाचं, सगळं. कोरा कॉम्प्युटर."

ही बसली. मी म्हणालो, "फोन लावू का तिला?"

"लावून काय सांगशीला?"

"तिकडनं काढ म्हणून."

"का म्हणून इचारल. नेट काय ईतभर भिंत हाय का? आईला फुकटचं नेटबी नको म्हंजे कायतरी मोठं हाय, एवढं कळतंय तिला. मास्तरीण हाय ती. खोदून खोदून इचारल. मग सांगशीला, काकाची स्कूटर उभी हुती म्हणून?"

मी मोबाईल खाली ठेवला.

"तिला भाऊ न्हाई," ती म्हणाली. "आपल्यामागं तिला माहेर म्हणून ह्येच दार हाय, पलीकडचं. ते मी बंद करू?" मग दुरुस्तीवाल्याला म्हणाली, "न्हाई वो दादा. काई पुसू नका. र्‍हाऊ दे तसंच. मी काढीन रोजच्या रोज."

"रोज?"

"रोज भांडी घासतेच की."

दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. तो चहा पिऊन गेला.

त्यानंतर ते आमचं रोजचं काम झालं. जेवण, मग कॉम्प्युटर. नाव काढायचं, मोबाईलचं नेट जोडायचं, आणि लेकीच्या फोनाची वाट बघायची. पोरगी कावायची, "आई, तुझं तोंड अडकतंय. काकांचं नेट कुठं गेलं?" ही म्हणायची, "मला न्हाई कळत त्यातलं. तुजं दिसतंय मला, बास." खरं म्हणजे तिलाही दिसायचं नाही. पडद्यावर पोरीचं तोंड अर्धं उघडं तसंच थांबलेलं असायचं आणि ही त्या थांबलेल्या तोंडाशी बोलत राहायची. पलीकडचं जोडलं असतं तर लख्ख दिसलं असतं. एका दाबात. मी एकदा तसं म्हणालो. ती म्हणाली, "माज्या पोराला एका किकमधी न्हेलं असतं."

पोरगी सणाला घरी आली की मात्र ही नावाला हात लावायची नाही. तिच्यादेखत नाही. पलीकडचं नेट चालू, पोरगी त्याच्यावर नवऱ्याशी बोलतीया, हसतीया, आणि ही पाठमोरी होऊन भाकरी थापतीया. पोरगी बोलवायची, "ये की आई, जावयाशी बोल." ही लांबनंच हात हलवायची. जवळ यायची नाही. पोरगी साताऱ्याच्या एसटीत बसली की घरी आल्या आल्या, पायातल्या चपला काढायच्या आधी, आम्ही कॉम्प्युटरपुढं.

ती गेली त्या दिवशी पोरगी संध्याकाळपर्यंत पोचली. जावयाला सुट्टी मंजूर झाली, पण तो इतका लांब होता की पोचणं शक्यच नव्हतं. ताटी उचलायची वेळ झाली. भाऊ सगळ्यांच्या मागं उभा होता, माळकरी, वाळलेला. तो पुढं आला आणि खांदा द्यायला हात लांब केला. मी मधी उभा राहिलो. बोललो नाही, ढकललं नाही, नुसता उभा राहिलो. त्याला कळलं. तो मागं झाला आणि नदीपर्यंत सगळ्यांच्या मागनं चालत आला. तिच्या अंगाला त्यांचं काही लागलं नाही. एवढं मी करू शकलो.

पण माणसं बघतात. बायकांत बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी स्वयंपाकघरात आली. भिंतीवरच्या ताटांकडं आणि पत्र्यांकडं बघत राहिली. जावयाला सासूचा फोटो तरी बघायचा होता, हार घातलेला, म्हणून तिनं कॉम्प्युटर लावला. मी शेजारी होतो. आदल्या दुपारी तिच्या आईनं काढलेलं नाव परत आलेलं होतं आणि कॉम्प्युटर त्याला जाऊन चिकटला होता.

"काकांचं लागलंय," पोरगी म्हणाली. "बरं झालं." मग मान न वळवता म्हणाली, "आबा, एक इचारू? काल काकांना खांदा का दिऊ दिला न्हाई तुमी?"

मी फोटोवरचा हार सरळ केला.

"सगळ्या बायका बोलत हुत्या. काका रडत हुते घरात, काकू सांगत हुती. ईतभर भिंतीसाठी, आबा? माणूस गेलं तरी?" तिनं नवऱ्याला फोन लावला. "आईचं एक समजू शकते, ती तसलीच हुती. तुमी पण?"

ती तसलीच हुती, हे ऐकून माझ्या जिभेवर सगळं आलं. स्कूटर आली, ट्रक आला, दवाखान्याची पायरी आली. सांगावं आणि मोकळं व्हावं असं वाटलं. पोरीला कळू दे आई कसली होती ते. तिनं ज्याच्या स्कूटरवर पुढं उभं राहून बाजार बघितला, तो कोण, ते पण कळू दे. तोंड उघडलं मी.

तेवढ्यात पडद्यावर जावई दिसला. वर्दीतच होता. "आबा," म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना. तोंडावरची रेष न् रेष दिसत होती, डोळ्यांतलं पाणी दिसत होतं. इतकं स्वच्छ मी त्या कॉम्प्युटरवर कधी बघितलं नव्हतं. पोरगी फोटो उचलून कॅमेऱ्यापुढं धरायला लागली आणि रडायला लागली.

मागं दारात सावली आली. भाऊ होता. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिलेला, चपला काढून. त्याला आत पाऊल टाकायचं धाडस नव्हतं. त्यानं पोरीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि इतक्या वर्षांनी मला म्हणाला,

"नेट येतंय का, दादा?"

पोरीनं मान वळवली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"येतंय," मी म्हणालो.

आणि खुर्ची बाजूला सरकवली, त्याला पडदा दिसावा म्हणून.